खुराड्यातला कोणता कोंबडा ठेवायचा?



एका घरच्या खुराड्यात एकाच दिवशी अंड्यांतून बाहेर पडलेले बारा नर वाढत आहेत असे समजा. ते तीन महिन्यांचे झाले. आखाड सरत आला, पुढे श्रावण लागणार, म्हणून घरात एक कोंबडा कापायचे ठरले. कोणता धराल? अर्थात सर्वांत भरलेला. पुढच्या आठवड्याच्या बाजारात दोन कोंबडे विकायचे ठरले. कोणते न्याल? ज्यांना चांगला भाव येईल ते, म्हणजे उरलेल्यांतले वजनदार. मग जत्रा येते, पाहुणे येतात, शाळेच्या फीसाठी पैसे लागतात. असे करता करता वर्षाअखेर दोन-तीन नर शिल्लक राहतात. कोणालाही धरावेसे वाटले नाहीत असे हे नर असतात. पुढच्या वर्षीच्या साऱ्या पिल्लांचे बाप तेच होतात!

पाच-सहा वर्षांनी घरातली माणसे म्हणतात, "ही जात आता पहिल्यासारखी राहिली नाही." कधी दोष खाद्याला दिला जातो, कधी हवेला. या गोष्टींचा वाटा असतो हे खरे. पण एक कारण बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. दर वर्षी त्या घराने निवड केलेली असते, फक्त ती उलट्या दिशेने केलेली असते.

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. कोंबड्यांशी माझा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे तो मोजमापाचा. एक तराजू, एक वही आणि सातवीतले सरासरीचे गणित एवढ्या सामग्रीवर खुराड्यातली पुढची पिढी सुधारता येते. ती कशी, हे या लेखात पाहू या.

दुहेरी उपयोगाची कोंबडी

लेगहॉर्न जातीची कोंबडी भरपूर अंडी देते, पण तिच्या अंगावर मांस बेताचेच असते. उलटपक्षी बाजारातला ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोग्रॅमच्या आसपास पोहोचतो, पण तो अंड्यांसाठी पाळत नाहीत. घरच्या पाळणाऱ्याला दोन्ही हवे असते. माद्यांनी बऱ्यापैकी अंडी द्यावीत आणि जादा नर खाण्याविकण्याच्या उपयोगी पडावेत. अशा जातींना दुहेरी उपयोगाच्या जाती म्हणतात.

आपल्याकडे परिचित असलेली रोड आयलंड रेड ही अशीच जात आहे. अमेरिकेतील रोड आयलंड आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांतील शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात स्थानिक कोंबड्यांचा आशियातून आलेल्या कोंबड्यांशी संकर करून ती घडवली. पूर्ण वाढलेल्या नराचे प्रमाण-वजन सुमारे ३.९ किलोग्रॅम आणि मादीचे सुमारे २.९ किलोग्रॅम मानतात. त्या राज्यातील ॲडम्सव्हिल या गावी १९२५ साली या कोंबडीचे स्मारक उभारण्यात आले. ऑस्ट्रेलियात घडवलेली काळी ऑस्ट्रॉलॉर्प हीदेखील दुहेरी उपयोगाची जात आहे. १९२२-२३ मधील एका चाचणीत सहा ऑस्ट्रॉलॉर्प कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १,८५७ अंडी दिली होती.

येथे एक सावधगिरीची सूचना. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत तयार झालेल्या 'वनराजा'सारख्या कोंबड्या परसात उत्तम वाढतात. पण त्या वेगवेगळ्या वाणांच्या संकरातून मिळतात. त्यांचीच अंडी उबवली तर पुढच्या पिढीत गुणांची फाटाफूट होते आणि पिल्ले आईबापांसारखी एकसारखी निघत नाहीत. म्हणून घरी पैदास करायची असेल, तर सुरुवात शुद्ध जातीपासून करावी.

तुरा वेगळा, वजन वेगळे

इंग्लंडमध्ये विल्यम बेटसन यांनी १९०२ साली मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवले. त्यांनी त्यासाठी कोंबड्यांचे तुरे तपासले होते. शुद्ध गुलाब-तुऱ्याच्या कोंबडीचा साध्या, एकेरी तुऱ्याच्या कोंबड्याशी संकर केला, तर सारी पिल्ले गुलाब-तुऱ्याची निघतात. त्या पिल्लांचा आपसात संकर केला, की पुढच्या पिढीत गुलाब-तुरा आणि एकेरी तुरा यांचे प्रमाण सुमारे ३ : १ पडते. यात मधले काही नाही. तुरा एक तर गुलाबी ठेवणीचा असतो, नाही तर एकेरी.

वजनाचे तसे नसते. "जड" आणि "हलका" असे दोनच कप्पे पडत नाहीत. बारा नर तोलले तर बारा निरनिराळी वजने मिळतात. याची कारणे दोन. पहिले असे, की वजनावर एक-दोन नव्हे, तर अनेक जनुकांचा थोडाथोडा परिणाम होतो. दुसरे असे, की खाद्य, थंडी-ऊन, जंत, भावंडांची दांडगाई या साऱ्यांचाही परिणाम होतो. एखादा नर जड आहे तो थोडा रक्तामुळे आणि थोडा नशिबामुळे. रक्तातला भाग पिल्लांकडे जातो. नशिबाचा भाग त्याच्याबरोबरच संपतो.

फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये माणसांच्या उंचीबाबत हेच दाखवले होते. उंच आईबापांची मुले सरासरीहून उंच असतात, पण बहुधा आईबापांइतकी नसतात. आईबापांच्या जादा उंचीपैकी काही हिस्साच मुलांपर्यंत पोहोचतो. या हिश्शाला आपण 'वारशाचे प्रमाण' म्हणू. कोंबड्यांच्या वाढत्या वयातील वजनासाठी ते साधारणपणे ०.३ ते ०.५ असते. अंड्यांच्या संख्येसाठी ते बरेच कमी, ०.१ ते ०.३ असते. हे दोन आकडे लक्षात ठेवा. पुढची सारी रीत यांवरच उभी आहे.

तोलण्याची रीत

तोलणे सोपे वाटते, पण बेशिस्त तोलण्यापेक्षा न तोललेले बरे. चार नियम पाळावेत.

एक : प्रत्येक पिल्लाच्या पायात क्रमांकाचे कडे किंवा रंगीत दोरा असावा. पाय जाड होत जातो, म्हणून दोरा दर आठवड्याला सैल करावा. क्रमांक नसेल तर वहीतले वजन कोणाचे हे कसे कळणार?

दोन : सकाळी दाणा टाकण्यापूर्वी तोलावे. कोंबडीच्या गळ्याखाली अन्नपिशवी असते. ती दाण्यापाण्याने भरली, की वजनात चांगलीच भर पडते. आपल्याला कोंबडा तोलायचा आहे, त्याची न्याहारी नव्हे.

तीन : एकाच दिवशी निघालेल्या पिल्लांचीच आपसात तुलना करावी. दोन आठवड्यांनी मोठा असलेला नर जड असणारच. ते वजन वयाचे असते. दोन वेगळ्या रवणींतली पिल्ले असतील, तर प्रत्येकाच्या वजनातून त्याच्या रवणीची सरासरी वजा करावी आणि उरलेल्या आकड्यांची तुलना करावी. नर आणि तलंगा यांचीही सरासरी निरनिराळी काढावी, कारण नर मुळातच जड असतात.

चार : लागोपाठ तीन सकाळी तोलून सरासरी घ्यावी. प्रयोगशाळेत दोलकाचा आवर्तकाल आपण एकदाच मोजून थांबत नाही, तसेच हे.

निवड फार लवकर करू नये. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाचे वजन अंड्याच्या वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश असते. म्हणजे पहिल्या दिवशी तोलले तर आपण पिल्लापेक्षा अंड्याचाच आकार मोजतो. बाराव्या आठवड्यापर्यंत हा परिणाम पुष्कळ कमी झालेला असतो आणि पिल्लाची स्वतःची वाढ दिसू लागते.

एक छोटे गणित

आता आकडे घेऊ. हे आकडे गणित समजावे म्हणून घेतलेले आहेत. तुमच्या घरचे वेगळे असतील. बारा आठवड्यांच्या बारा नरांची वजने ग्रॅममध्ये अशी आहेत :

९८०, १०१०, १०४०, १०६०, १०८०, १०९०, १११०, ११२०, ११४०, ११६०, ११९०, १२२०

बेरीज १३,२०० येते, म्हणून सरासरी ११०० ग्रॅम. यांतले सर्वांत जड तीन नर पैदाशीसाठी राखले. त्यांची सरासरी ११९० ग्रॅम. म्हणजे निवडलेले नर कळपाच्या सरासरीहून ९० ग्रॅमने जड आहेत. याला 'निवडीतील फरक' म्हणू.

समजा, बारा तलंगांची सरासरी ९०० ग्रॅम आहे आणि त्यांतल्या चांगल्या सहा राखल्या. त्यांची सरासरी ९५० ग्रॅम भरली. त्यांचा फरक ५० ग्रॅम. पिल्लाला निम्मा वारसा बापाकडून आणि निम्मा आईकडून मिळतो, म्हणून दोन्ही फरकांची सरासरी घ्यायची. ती ७० ग्रॅम येते. आता पुढचे सूत्र वापरू :

पुढच्या पिढीतील वाढ = निवडीतील फरक × वारशाचे प्रमाण

वारशाचे प्रमाण ०.४ धरले तर ७० × ०.४ = २८ ग्रॅम. पुढच्या वर्षीची पिल्ले त्याच वयाला आणि त्याच खाद्यावर सरासरी सुमारे २८ ग्रॅमने जड निघतील अशी अपेक्षा करावी. सत्तर ग्रॅमने नव्हे! पुष्कळ जण पहिल्या वर्षी निराश होतात ते येथेच.

आता लेखाच्या आरंभीचे घर आठवा. तेथे जड नर आधी गेले आणि शेवटचे तीन उरले : ९८०, १०१० आणि १०४०. त्यांची सरासरी १०१०, म्हणजे फरक उणे ९० ग्रॅम. तलंगांत काहीच निवड झाली नाही असे धरू, म्हणजे त्यांचा फरक शून्य. दोहोंची सरासरी उणे ४५. तिला ०.४ ने गुणले की उणे १८ ग्रॅम. एका वर्षात अठरा ग्रॅम कमी झाले तर कोणाच्या ध्यानात येणार? पण पाच पिढ्यांत ९० ग्रॅम घटतात. निवड करणाऱ्या शेजाऱ्याकडे तेवढ्याच काळात १४० ग्रॅम वाढतात. एकाच जातीपासून सुरुवात केलेल्या दोन घरांत पक्ष्यामागे २३० ग्रॅमची तफावत पडते, आणि दोन्ही घरांनी खाद्यावर तेवढाच खर्च केलेला असतो! प्रत्यक्षात आकडे इतके नेमके येत नाहीत, कारण हवामान व रोगराई दर वर्षी बदलते. तरी दिशा हीच राहते.

मग श्रावणाआधी कोंबडा कापायचाच नाही का? जरूर कापावा. फक्त बाराव्या आठवड्याचे वजन झाल्यावर, राखायच्या नरांच्या पायात वेगळ्या रंगाचे कडे घालून, मगच उरलेल्यांना हात लावावा. खर्च एका कड्याचा आहे.

अंड्यांचे काय?

केवळ वजन पाहत गेलो, तर दुसराच धोका आहे. कोंबड्यांत वजन वाढवणारा वारसा आणि अंड्यांची संख्या वाढवणारा वारसा यांचे साधारणपणे एकमेकांशी वाकडे असते. वजनाचीच निवड करत राहिल्यास काही पिढ्यांनी अंडी कमी होऊ लागतात. शिवाय मोठ्या शरीराला नुसते जगण्यासाठीच अधिक खाद्य लागते. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञांनी १९३२ मध्ये दाखवले, की विश्रांतीच्या स्थितीत प्राण्याला लागणारी ऊर्जा साधारणपणे वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात वाढते. दोन किलोग्रॅमच्या कोंबडीऐवजी तीन किलोग्रॅमची कोंबडी पाळली, तर हा पोटभरीचा खर्च सुमारे ३६ टक्क्यांनी वाढतो. म्हणून दुहेरी उपयोगाच्या कळपात वजन अमर्याद वाढवत न्यायचे नसते. जातीच्या प्रमाण-वजनापाशी थांबायचे असते.

अंड्यांच्या बाबतीत एक मौजेची अडचण आहे. नर अंडी देत नाही, पण मुलींच्या अंड्यांचा निम्मा वारसा त्याच्याकडूनच जातो. मग त्याची परीक्षा कशी घ्यायची? त्याच्या आईच्या आणि बहिणींच्या वहीवरून! कोणत्या कोंबडीने किती अंडी दिली याची नोंद हवी. त्यासाठी आत शिरताच झाकण पडेल असे खोके अंडी घालण्याच्या जागी ठेवतात. अंडे घालून झाले की कोंबडीला सोडायचे आणि तिच्या नावे एक रेघ मारायची. कोंबडी आत ताटकळू नये म्हणून खोके वारंवार पाहावे लागते. मात्र अंड्यांच्या संख्येत वारशाचे प्रमाण कमी आहे हे विसरू नका. एकट्या कोंबडीच्या आकड्यावर फार विसंबू नये. आई, मावश्या आणि बहिणी या सर्वांची सरासरी अधिक भरवशाची असते.

वजन आणि अंडी यांचा मेळ घालण्याची सोपी रीत म्हणजे दोन अटी ठरवणे. उदाहरणार्थ : (१) नराचे वजन आपल्या रवणीच्या सरासरीहून जास्त असावे. (२) त्याच्या आईची अंडी कळपाच्या सरासरीहून जास्त असावीत. दोन्ही अटी पुऱ्या करील तोच राखायचा. सर्वांत जड नर दुसऱ्या अटीत नापास झाला, तर त्याला खुशाल बाजारात न्यावे.

हाताने आणि डोळ्याने

तराजूला सर्व काही कळत नाही. आठव्या आठवड्याला एकदा आणि सोळाव्या आठवड्याला पुन्हा प्रत्येक पक्षी हातात घेऊन तपासावा. चोचीची दोन्ही टोके जुळतात का? पायांची बोटे सरळ आहेत का? छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. ते सरळ हवे, वाकडे नको. पाठ पंखांपासून शेपटीपर्यंत रुंद असावी. अरुंद पाठीच्या पक्ष्यावर मांस बेताचेच भरते. डोळा तेजस्वी आणि चाल सरळ असावी. वाकडी चोच, मुडपलेली बोटे, एका अंगाला पडलेली शेपूट असे दोष दिसले, की वजन कितीही असो, तो पक्षी पैदाशीतून बाद करावा.

तलंग अंड्यावर येऊ लागली, की गुदद्वाराच्या दोन बाजूंची टोकदार हाडे एकमेकांपासून दूर होऊ लागतात. त्यांच्यामध्ये दोन बोटे मावली तर ती अंडी देत आहे किंवा लवकरच देणार, असे समजावे.

असे काम घरच्या कळपावर होऊ शकते याचा इतिहासात दाखला आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात नेटी मेटकाफ या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या कोंबड्यांतून 'बकाय' ही दुहेरी उपयोगाची नवी जात घडवली. तेथील थंडीत उंच तुरे गारठून झडतात, म्हणून या जातीचा तुरा आखूड, वाटाणा-तुरा असतो. पुढे ही जात विरळ झाली. जुन्या पाळीव जाती जपणाऱ्या तेथील एका संस्थेने एकविसाव्या शतकाच्या आरंभी पुष्कळ पिल्ले काढून, ठरावीक वयाला तोलून आणि हाताने तपासून निवड केली. काही पिढ्यांतच त्या कळपाचे सरासरी वजन सुधारले.

एकच कोंबडा नको

बारांतला सर्वांत उत्तम असा एकच नर ठेवला तर निवडीतील फरक १२० ग्रॅम होईल, मग तीन कशाला? कारण एकच बाप म्हणजे पुढची सारी पिल्ले सख्खी किंवा सावत्र भावंडे. त्यांच्या आपसातील संकरातून उबवण कमी होते, पिल्ले अधिक मरतात आणि जोम घटतो.

हा धोका मोजण्याचेही सूत्र आहे. नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या, त्याची चौपट करायची आणि तिला एकूण संख्येने भागायचे. उत्तराला कळपाची 'परिणामी संख्या' म्हणतात. एक नर आणि सहा माद्या असतील, तर २४ ÷ ७ = ३.४. खुराड्यात सात पक्षी दिसतात, पण आनुवंशिक दृष्ट्या ते साडेतीनही नाहीत! तीन नर आणि सहा माद्या असतील, तर ७२ ÷ ९ = ८. परिणामी संख्येच्या दुपटीने एकाला भागले, की एका पिढीत सगोत्रता किती वाढते ते कळते. पहिल्या कळपात ती जवळजवळ १५ टक्के आहे, दुसऱ्यात सव्वासहा टक्के.

जागा असेल तर कळपाचे तीन गट करावेत : अ, ब आणि क. मुली आईच्याच गटात ठेवाव्यात. 'अ'चे मुलगे 'ब'कडे, 'ब'चे 'क'कडे आणि 'क'चे 'अ'कडे द्यावेत. एकाच गावातील तीन घरांनी मिळून हे केले तर प्रत्येकाला एकच गट सांभाळावा लागतो. मात्र नर बदलल्यावर निदान तीन आठवडे उबवणीची अंडी गोळा करू नयेत, कारण आधीच्या नराचे शुक्राणू मादीच्या शरीरात दोन ते तीन आठवडे टिकून राहतात.

करून पाहा

१. घरी किंवा शेजारी एका रवणीची पिल्ले असतील, तर त्यांना क्रमांक देऊन दर आठवड्याला तोला. वय आडव्या अक्षावर आणि वजन उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. पिल्लांचे अनुक्रम कोणत्या वयानंतर फारसे बदलत नाहीत?

२. एकाच कोंबड्याला दाणा टाकण्यापूर्वी आणि टाकल्यावर तासाभराने तोला. हा फरक वरील उदाहरणातील ११४० व ११६० ग्रॅमच्या नरांमधील फरकापेक्षा मोठा आहे का? असेल, तर त्यावरून काय शिकाल?

३. दोन नर आणि आठ माद्या, तसेच पाच नर आणि पाच माद्या असलेल्या कळपांची परिणामी संख्या काढा. पक्षी दोन्हीकडे दहाच आहेत. मग उत्तरे वेगळी का येतात?

शिक्षकांना सूचना : पक्षी उलटे न लोंबकळवता दोन्ही हातांनी पंख अंगाशी दाबून धरायला शिकवावे. झाकणाची टोपली किंवा डालगे तराजूला टांगून आधी रिकाम्याचे वजन करून घ्यावे. काम झाल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. आजारी पक्षी हाताळू नयेत, आणि एकाएकी बरेच पक्षी दगावल्यास प्रयोग थांबवून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

वहीचे पहिले पान आजच आखता येईल : क्रमांक, जन्मतारीख, आई, बाप, बाराव्या आठवड्याचे वजन, शेरा. पहिल्या वर्षी 'बाप' हा रकाना बहुतेकांचा कोरा राहील. पुढच्या वर्षी तो भरलेला असावा.